साडेचार मीटरची वाटणी : पॅरिसच्या रिव्होली रस्त्यावर बस, सायकल आणि किक-स्कूटर

पॅरिसमध्ये बससाठी राखीव मार्गिका १९६४ पासून आहेत. पण कितीतरी वर्षं राखीव म्हणजे डांबरावर ओढलेली एक रेघ, एवढंच. गाडी दोन मिनिटं उभी करायची असली, माल उतरवायचा असला की ती रेघ ओलांडायला कुणाला काही वाटत नसे. २००१ साली बर्त्राँ दलानोए महापौर झाले आणि त्यांनी मोठ्या रस्त्यांवर रेघेच्या जागी बुटका कठडा बांधायला घेतला, मार्गिका साडेचार मीटर रुंद केली आणि सायकलींनाही तिथं मुभा दिली. रू द रिव्होली हा त्यातला ठळक रस्ता. काँकॉर्ड चौकातून निघून तुइलरी बाग, लूव्र, महापालिका भवन करत मारे वस्तीपर्यंत जाणारा, सुमारे ३ किलोमीटरचा. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या रस्त्याची वाटणी पुन्हापुन्हा बदलली आणि दर वेळी आधीच्या वाटणीत काय चुकलं होतं ते कळत गेलं. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

बस आणि सायकल एकाच मार्गिकेत

साडेचार मीटरच का, ते कागद-पेन घेऊन पाहू. युरोपात बसच्या अंगाची कमाल रुंदी २.५५ मीटर. फ्रान्सच्या नियमानुसार शहरात सायकलस्वाराला ओलांडताना किमान १ मीटर अंतर ठेवावं लागतं. सायकलच्या हँडलची रुंदी साधारण ६५ सेंटिमीटर धरू. बेरीज झाली ४.२ मीटर. उरले ३० सेंटिमीटर. त्यातच बसचे बाहेर आलेले आरसे, सायकलस्वारानं पदपथाच्या कडेपासून सोडलेली जागा, बसच्या चाकानं कठड्यापासून राखलेलं अंतर आणि खड्डा चुकवताना सायकल जेवढी हलते तेवढं हलणं, हे सगळं बसवायचं. कागदावर हिशेब जुळतो, रस्त्यावर तो जेमतेम जुळतो. मार्गिका अरुंद असेल तर तर प्रश्नच मिटला: सायकलच्या मागे बस, बसमध्ये पन्नास माणसं, आणि सगळ्यांचा वेग पुढच्या एका माणसाच्या पायांवर.

पण रुंदीपेक्षाही अवघड गोष्ट दुसरी आहे. शहरातल्या बसचा थांब्यांसकट सरासरी वेग आणि सायकलचा सरासरी वेग यांत फारसा फरक नसतो. त्यामुळे वाटतं, की दोघांना एकत्र ठेवायला काय हरकत आहे? हरकत अशी, की सरासरी सारखी असली तरी चाल वेगळी आहे. सायकल १५ ते १८ किलोमीटरच्या वेगानं एका लयीत जाते. बस थांब्यावर शून्यावर येते, निघाली की तीसच्या पुढे जाते, आणि तीन-चारशे मीटरवर पुन्हा शून्य. त्यामुळे दर थांब्याला तोच प्रकार होतो. बस थांबते, सायकलस्वार तिला ओलांडून पुढे जातो, बस निघते आणि त्याला ओलांडते, पुढचा थांबा येतो, तो पुन्हा तिला ओलांडतो. ३ किलोमीटरमध्ये हे सात-आठ वेळा. बारा मीटर लांबीची, भरलेली असली तर अठरा टनांच्या आसपास वजनाची गाडी आणि शंभर किलोच्या आत बसणारा माणूस-सायकलचा जोड, यांनी एका फेरीत सात-आठ वेळा एकमेकांना घासून जायचं.

एक क्षण जवळून पाहा. बस थांब्यावर उभी आहे, मागून सायकलस्वार येतो. शेवटचा उतारू उतरला, दारं मिटली, बसचा इंडिकेटर लागला. सायकलस्वाराला इंडिकेटर दिसतो तेव्हा तो बसच्या मागच्या चाकापाशी पोचलेला असतो. ब्रेक लावला तर मागच्या सायकलवाल्याची धडक, पुढे रेटलं तर बस आणि कठडा यांच्यामध्ये सापडायची भीती. चालक आरशात पाहतो, पण त्याच सेकंदाला त्याला पुढचा सिग्नल आणि धावत येणारा उतारूही पाहायचा असतो. इथं दोघांपैकी कुणीही नियम मोडलेला नाही. तरीही दोघांच्या छातीत धस्स होतं, आणि घरी जाऊन दोघंही एकमेकांच्या नावानं बोटं मोडतात. रस्त्यावरच्या पुष्कळशा भांडणांचं मूळ हेच असतं. माणसं बेशिस्त असतात म्हणून नव्हे, तर भिन्न चालीच्या दोन गोष्टी एका चाकोरीत कोंबलेल्या असतात म्हणून.

सायकलीचा स्वतःचा मार्ग

१५ जुलै २००७ रोजी वेलिब ही भाड्याच्या सार्वजनिक सायकलींची योजना सुरू झाली आणि बसमार्गिकेत सायकली वाढल्या. २०१४ मध्ये आन इदाल्गो महापौर झाल्या. २०१५ च्या त्यांच्या सायकल आराखड्यात १५ कोटी युरो खर्चून सायकलमार्गांची लांबी ७०० वरून १,४०० किलोमीटर करायचं ठरलं. मुदतीत ते पूर्ण झालं नाही, पण रिव्होलीवर कठड्यानं वेगळा केलेला दुहेरी सायकलमार्ग मात्र झाला. बस एका कडेला, सायकली दुसऱ्या कडेला. थांब्यावरची ती शिवाशिवी एका फटक्यात गेली.

दुहेरी मार्गाची किंमतही असते आणि ती चौकात मोजावी लागते. रस्त्यावरची इतर वाहनं ज्या दिशेनं जातात, त्याच्या उलट दिशेनंही सायकली येतात. वळणारा मोटारचालक सवयीनं एकाच बाजूला पाहतो, रस्ता ओलांडणारा पादचारीही. त्यात सायकलींचा लोंढा एकदा चालू झाला की पादचाऱ्यांसाठी झेब्रा पट्ट्यावर थांबणारे सायकलस्वार कमी होतात. ही तक्रार पॅरिसमध्ये सर्रास ऐकू येते आणि ती खरी आहे. सायकलचा कैवार घेणाऱ्यांनी ती उडवून लावू नये असं मला कळकळीनं वाटतं. मी स्वतः सायकलच्या बाजूचा आहे, म्हणूनच.

मग दोन घटना लागोपाठ घडल्या. डिसेंबर २०१९ मध्ये निवृत्तिवेतन सुधारणेच्या विरोधात वाहतूक कर्मचाऱ्यांचा मोठा संप झाला, मेट्रो आणि बस कित्येक आठवडे कोलमडल्या आणि एरवी सायकलला हात न लावणारे लोक सायकलवर आले. १७ मार्च २०२० ला टाळेबंदी आली, ११ मेपासून ती उठायला लागली, आणि त्या वेळी महापालिकेनं रिव्होली खासगी मोटारींच्या येण्याजाण्याला बंद केला. बस, टॅक्सी, आणीबाणीची वाहनं, मालाच्या गाड्या आणि तिथले रहिवासी एवढ्यांनाच परवानगी राहिली. मोटारींच्या मार्गिकांवर पिवळा रंग मारून त्या सायकलींना दिल्या. तात्पुरती म्हणून केलेली ही सोय पुढे कायम झाली. ३० ऑगस्ट २०२१ पासून शहरातल्या बहुतेक रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर झाली.

तिसरा भिडू

या सगळ्याच्या मध्येच, जून २०१८ मध्ये, पॅरिसच्या पदपथांवर उभ्यानं चालवायच्या इलेक्ट्रिक किक-स्कूटर दिसू लागल्या. आपण ज्याला ई-स्कूटर म्हणतो ती बसून चालवायची गाडी वेगळी. ही म्हणजे एक फळी, दोन बारकी चाकं आणि एक उभा दांडा. पहिली कंपनी लाइम. पाठोपाठ इतर आल्या आणि २०१९ पर्यंत डझनभर कंपन्यांच्या मिळून सुमारे २०,००० स्कूटर शहरभर झाल्या.

वेलिबची सायकल खुंट्याला अडकवून परत करावी लागते. तिला घर आहे. किक-स्कूटरला मात्र घरच नव्हतं. मोबाइलवर कुलूप उघडायचं, दर मिनिटाला भाडं चालू, आणि पोचलात की जिथं असाल तिथं सोडून द्यायची. रात्री कुणीतरी त्या गोळा करून घरी चार्ज करून पहाटे परत मांडून ठेवायचा. त्या कामाचे पैसे नगावर. या व्यवस्थेत स्कूटर कुठं उभी राहील याची जबाबदारी कुणाचीच नव्हती. ती पदपथावर आडवी पडली तर चालवणारा केव्हाच निघून गेलेला, कंपनीला ठावठिकाणा नकाशावरच्या एका ठिपक्याएवढा, आणि पांढरी काठी घेऊन येणाऱ्या माणसाला ती कळते ती काठी दांड्यात अडकल्यावर. लहान मुलाची ढकलगाडी घेऊन येणारी आई मग पदपथावरून खाली, रस्त्यावर उतरते.

कायदा वर्षभराहून अधिक मागे होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये फ्रान्सच्या वाहतूक नियमांत मोटर असलेल्या वैयक्तिक वाहनांचा स्वतंत्र वर्ग आला. कमाल वेग ताशी २५ किलोमीटर, पदपथावर चालवायला बंदी, एका वेळी एकच माणूस, कानात हेडफोन नाही, वय किमान १२ (२०२३ मध्ये ते १४ झालं), आणि सायकलमार्ग असेल तिथं सायकलमार्गावरूनच जायचं. पदपथावर चालवल्यास १३५ युरो दंड.

सायकलमार्गावरच का? युरोपात इलेक्ट्रिक सायकलच्या मोटरची मदत ताशी २५ किलोमीटरला बंद व्हावी लागते. स्कूटरचीही कमाल तीच. वेग सारखा म्हणून जागा एक, असा हा तर्क, आणि मुळात तो मला पटतो. वाहनाचं नाव काय, पेडल आहे की मोटर, यावरून जागा ठरवण्यापेक्षा वेग आणि वजन यांवरून ठरवणं शहाणपणाचं. पण बस आणि सायकलच्या बाबतीत सरासरी वेगानं जशी फसगत केली, तशीच इथं कमाल वेगानं केली.

स्कूटरचं चाक साधारण ८ ते १० इंचांचं. सायकलचं चाक ज्या खाचेवरून सहज जातं तिथं हे अडकतं, आणि स्वार उभा असल्यामुळे त्याचा तोल वरच्या बाजूला असतो. तो हँडलवरून पुढे फेकला जातो. सायकलवर एक हात काढून वळण्याची खूण करता येते. स्कूटरवर एक हात सोडला की दांडा डगमगतो, म्हणून मागच्याला कळतच नाही की पुढचा वळणार आहे. सायकल चालवणारा सुरुवातीला जोर लावतो, हळूहळू वेग पकडतो. स्कूटर अंगठ्यानं खटका दाबला की सुटते. सायकलवाला रोजचा असतो. भाड्याच्या स्कूटरवर उभा राहिलेला माणूस बऱ्याचदा आयुष्यात पहिल्यांदा उभा असतो.

आणि मिनिटाचं भाडं! या गोष्टीकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही, पण मला ती मुळाशी असलेली वाटते. लाल सिग्नलला थांबलं की मीटर चालूच. पादचाऱ्याला वाट दिली की मीटर चालूच. सभ्यपणे चालवणाऱ्याला भुर्दंड आणि रेटून नेणाऱ्याला बचत, अशी ती आकारणी. रस्त्यावर कसं वागायचं हे शिकवायला फलक लावले जात होते, मोहिमा काढल्या जात होत्या, आणि खिशातला मोबाइल दर मिनिटाला त्याच्या नेमकं उलट सांगत होता.

शिस्त लावण्याची तीन वर्षं

२०२० च्या उन्हाळ्यात महापालिकेनं निविदा काढून तीनच कंपन्या ठेवल्या: लाइम, डॉट आणि टियर. प्रत्येकीला ५,००० स्कूटर, एकूण १५,०००. उभ्या करायला शहरभर सुमारे २,५०० चौकोन आखले. त्या चौकोनाबाहेर ॲपमध्ये फेरी संपतच नव्हती, म्हणजे भाडं चालू राहायचं. जे मीटर आधी बेशिस्तीला उत्तेजन देत होतं तेच आता गाडी जागेवर लावायला भाग पाडू लागलं. पदपथांवरचा पसारा खरोखरच कमी झाला. हे श्रेय महापालिकेचं आहे आणि ते तिला मिळायला हवं.

जून २०२१ मध्ये सीनच्या काठावर चालत असलेल्या एका तरुणीला स्कूटरची धडक बसली आणि तिचा मृत्यू झाला. स्कूटरवर दोघी होत्या. शहर हादरलं. नोव्हेंबरपासून सुमारे ७०० ठिकाणी स्कूटरचा वेग यंत्रणेतूनच ताशी १० किलोमीटरवर आणला गेला, इतरत्र २० वर. भौतिकशास्त्राच्या हिशेबानं ही मोठी गोष्ट आहे. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. २५ वरून २० वर आलं की ती ३६ टक्क्यांनी घटते, १० वर आलं की सहाव्या हिश्शाएवढीच उरते.

तरीही एका फळीवर दोघं उभं राहणं थांबलं नाही, कारण दोघं उभे आहेत हे स्कूटरला कळत नव्हतं. २०२२ मध्ये पॅरिसमध्ये अशा वाहनांच्या अपघातांत ३ जण गेले, ४५९ जखमी झाले.

२ एप्रिल २०२३, रविवार. महापालिकेनं शहरातल्या मतदारांचा कौल घेतला. प्रश्न एकच: भाड्याच्या किक-स्कूटर हव्यात की नकोत? मतदान केंद्रावर जाऊनच मत द्यायचं होतं, शहरात २०३ केंद्रं होती, आणि त्याच दिवशी पॅरिस मॅरेथॉन होती. कंपन्यांनी आपल्या ग्राहकांनी मत द्यावं म्हणून फुकट फेऱ्या देऊ केल्या. निकाल: ८९.०३ टक्के विरोधात. मतदान ७.४६ टक्के. १३ लाखांहून अधिक मतदारांपैकी लाखभर आले आणि त्यांनी ठरवलं. ऑगस्टअखेर स्कूटर ट्रकांत भरून निघून गेल्या.

मतदानाच्या आकड्यावर पुष्कळ टीका झाली. माझी हरकत वेगळी आहे. प्रश्नच असा विचारला होता की त्यात वाटणी नव्हती, फक्त हाकलणं होतं. १५,००० च्या ५,००० करायच्या का, मिनिटाऐवजी अंतरावर भाडं घ्यायचं का, पहिल्या दहा फेऱ्या सगळीकडे ताशी १० च्या वेगानंच द्यायच्या का, यातलं काहीच कागदावर नव्हतं. ज्याला नुसता वैताग आला होता त्याच्या हातात फक्त 'नको' होतं.

आणि तरीही त्या 'नको'मध्ये एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. बंदी भाड्याच्या स्कूटरवर आली. स्वतःची किक-स्कूटर घेऊन रिव्होलीच्या सायकलमार्गावरून जायला आजही परवानगी आहे, आणि लोक जातात. फळी तीच, चाकं तीच, वेग तोच. फरक एवढाच, की ती घडी घालून कुणीतरी जिना चढून घरी नेतो. ती आडवी पडली तर तिच्यावर ओरखडा उठतो आणि तो ओरखडा त्याचा असतो. त्यानं खड्डे पाठ केलेले असतात. तो लाल सिग्नलला थांबला तर त्याचं काहीही जात नाही. लोकांचा राग वाहनावर होता असं म्हणतात. मला तसं वाटत नाही. राग बेवारसपणावर होता. त्याच तीन कंपन्यांच्या भाड्याच्या इलेक्ट्रिक सायकली बंदीनंतरही चालू राहिल्या, आणि त्यांचा वापर वाढला.

बसचं काय

२०२४ मध्ये इन्स्टिट्यूट पॅरिस रीजन या संस्थेच्या पाहणीत पॅरिसमधल्या अंतर्गत प्रवासांपैकी ११.२ टक्के सायकलनं आणि ४.३ टक्के मोटारीनं होतात असं दिसलं. सायकलवाल्यांनी हा आकडा मिरवला, आणि का मिरवू नये? पण त्याच पाहणीत सार्वजनिक वाहतुकीचा वाटा ३० टक्क्यांच्या आसपास आहे आणि चालण्याचा निम्म्याहून जास्त. वाद मात्र सगळा सायकल आणि स्कूटरचा झाला. बसमधल्या माणसांसाठी ना मतदान झालं, ना मोर्चा.

रिव्होलीवर मोटारी हटल्यावर बस सुसाट जाईल असं वाटतं. बसच्या वाट्याला एक मार्गिका आली, तीही टॅक्सी आणि मालाच्या गाड्यांसोबत. ज्या कठड्यानं २००१ साली बसला वाचवलं, तोच कठडा आता उलटा पडतो. पुढे एखादी व्हॅन चाकं मार्गिकेत ठेवून खोकी उतरवत उभी राहिली, की बसला बाजूनं निघायला जागा नाही. पलीकडे सायकलींना दोन-तीन मार्गिकांएवढी जागा, त्यातली बरीचशी दुपारी मोकळी, आणि अलीकडे बसमध्ये माणसं घड्याळाकडे पाहत उभी. नोव्हेंबर २०२४ पासून मध्य पॅरिसच्या पहिल्या चार विभागांतून नुसती आरपार जाणारी मोटारवाहतूक बंद करायचा नियम लागू झाला. त्यानं इतर मोटारी कमी होतील, व्हॅन नाही होणार. दुकानं आहेत तोवर माल येणारच.

जे बदल मला गरजेचे वाटतात ते मोठे नाहीत. सायकलींच्या मोकळ्या रुंदीतला थोडा भाग दर शे-दीडशे मीटरवर मालाच्या गाड्यांसाठी खोबणीसारखा कापून घ्यायचा, म्हणजे व्हॅन मार्गिकेबाहेर उभी राहील. दुसरं, थांब्यांचं. जिथं सायकलमार्ग थांबा आणि पदपथ यांच्या मधून जातो, अशा शहरातल्या इतर रस्त्यांवर उतारू बसमधून उतरतो तो थेट सायकलींसमोर. तिथं निदान दोन मीटरचा ओटा हवा, म्हणजे व्हीलचेअर वळवता येईल. सायकलमार्ग त्या ओट्याच्या उंचीला आणून उंचवट्यासारखा हवा, म्हणजे सायकल आणि स्कूटर दोघांचाही वेग आपोआप मंदावेल. आणि पायाला कळतील अशा खडबडीत फरश्या हव्यात. इलेक्ट्रिक सायकल आणि स्कूटर यांचा आवाज येत नाही, आणि ज्याला दिसत नाही त्याला त्या फरशीशिवाय दुसरी खूण नाही.